'जाऊ नये'ची बाजू

त्या घरात भांडायला बंदी नव्हती. अट एकच होती, भांडायचं ते समोरच्याच्या बाजूनं.

ही पद्धत आणली ती आईनं. ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिथे तिला सगळे केमिस्टबाई म्हणत, आणि हळूहळू नवराही थट्टेनं तेच म्हणू लागला होता. तिचं म्हणणं असं, की एखादी गोष्ट मनापासून हवी असली की माणसाला तिच्यातली खोट दिसेनाशी होते. पाणी शुद्ध निघावं अशी आस धरून जो बाटली उघडतो, त्याला ते शुद्धच दिसणार. म्हणून ज्याला एखादी गोष्ट हवी असेल त्यानं ती का नको ते सांगायचं, आणि ज्याला नको असेल त्यानं ती का हवी ते सांगायचं. लटकं बोलायचं नाही, हातचं राखायचं नाही. मग ज्याचं म्हणणं जड भरेल तसं करायचं. जड कोणाचं ते तिसऱ्यानं ठरवायचं.

मुलगी लहान असताना तिला मांजर पाळायचं होतं. तिला घरात मुंगी म्हणत, कारण रांगायच्या वयापासून ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची. आईला मांजर नको होतं, म्हणून आईनं मांजराची बाजू घेतली आणि मांजर पाळण्याचे फायदे ओळीनं सांगितले. मग मुंगी उभी राहिली. "घरात दिवसभर कोणी नसतं," ती म्हणाली. "मांजर दाराकडे बघत बसेल. त्याला वाटेल, ही माणसं आपल्याला विसरली." एवढं बोलून ती हुंदके देऊन रडायला लागली, पण बाजू सोडली नाही. तिचंच म्हणणं जड भरलं आणि मांजर काही आलं नाही.

"जिंकलीस गं पोरी," बाबा तिला कडेवर घेऊन म्हणाले, "आणि हरलीस ती पण तूच." पाहुण्यांना ते सांगत, "आमच्याकडे मीठ हवं असेल तर आधी अळणी खाण्याचे फायदे सांगावे लागतात. मगच बरणी हातात येते."

बाबा पूल बांधणारे इंजिनिअर. कामं लांबलांबची निघत गेली, घरी येणं कमी होत गेलं, आणि आले तरी दोघांत बोलण्यासारखं काही उरेना. शेवटी नवरा-बायको वेगळे झाले तेही याच पद्धतीनं. मुंगी मैत्रिणीकडे गेलेली असताना ती दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसली. त्याला जायचं होतं, म्हणून त्यानं राहण्याची बाजू घेतली आणि दोनचार वाक्यं बोलून तो गप्प झाला. तिला तो राहायला हवा होता, म्हणून ती जाण्याच्या बाजूनं बोलली. बराच वेळ बोलली. त्याचं थकणं, त्याचं कामावरचं प्रेम, दोघांमधली शांतता, कशालाही कमी लेखलं नाही. ऐकून तो म्हणाला, "केमिस्टबाई, एवढं तर मलाही सुचलं नव्हतं." आणि महिन्याभरात त्यानं दुसऱ्या शहरात, आपल्या बहिणीच्या घरी, बिऱ्हाड हलवलं.

आदळआपट नाही, शिवीगाळ नाही, कोर्टात धुणी धुणं नाही. नातेवाईक म्हणाले, वेगळं व्हावं तर असं. तिलाही तसंच वाटे, निदान चार माणसांत असताना.

आता मुंगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. पुढच्या शिक्षणाला तिला आपल्याकडे पाठवावं, असा बाबांनी फोन केला होता. तिथलं कॉलेज नावाजलेलं होतं, आत्या दिवसभर घरी असायची, आणि प्रवेशाचं बघायचं तर लवकर कळवायला हवं होतं. "तुम्ही दोघी ठरवा," ते म्हणाले. केमिस्टबाईनं निरोप मुलीला जसाच्या तसा सांगितला आणि त्यावर स्वतःचा एक शब्द ठेवला नाही. आपण काही बोललो तर पोरीच्या मनावर त्याचं वजन पडेल, असं तिला वाटलं. मुंगी जाऊ नये, याखेरीज दुसरं काहीही तिला नको होतं. म्हणून तर ती गप्प होती.

मुंगीही गप्प होती. बरेच दिवस त्या घरात परीक्षा सोडून सगळे विषय वर्ज्य होते.

त्या शनिवारी दुपारी इंग्रजीची उजळणी चालू होती. आईच्या हातात गाईड, मुंगीच्या हातात पेन्सिल, मध्ये शेंगांची टरफलं.

"मेटाफर," आई म्हणाली.

"एका गोष्टीला सरळ दुसरीच गोष्ट म्हणायचं. आई फ्रीज आहे."

"सिमिली."

"आई फ्रीजसारखी आहे. म्हणजे अजून थोडी आशा आहे."

"पर्सॉनिफिकेशन."

"निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. फ्रीज माझ्यावर रुसला."

"फ्रीज सोडून काही सुचतंय का? परीक्षकाला वाटेल, या पोरीला घरी जेवायला घालत नाहीत."

मुंगी हसली. परीक्षेच्या दिवसांत तिचं हसणं दुर्मीळ झालं होतं, म्हणून केमिस्टबाई पुढचा शब्द विचारायच्या आधी जरा थांबली.

"फोरशॅडोइंग."

"पुढे काय होणार ते आधीच हळूच दाखवून ठेवायचं. वाचणाऱ्याला तेव्हा कळत नाही, मागाहून कळतं."

"उदाहरण?"

मुंगीनं पेन्सिल दातांत धरली. "बाबांनी जायच्या आधी घरातले सगळे गळके नळ दुरुस्त केले होते."

केमिस्टबाईनं पान उलटलं. "बरोबर," ती म्हणाली. "आता व्याकरण. 'त्यांनी निर्णय घेतला', याचं इंग्रजी कर आणि पॅसिव्हमध्ये सांग."

मुंगीनं सांगितलं. मग म्हणाली, "हे पॅसिव्ह मला आवडतं. कोणी केलं ते सांगावंच लागत नाही. निर्णय घेतला गेला, की झालं."

"मार्क जातात, सगळं पॅसिव्हमध्ये लिहिलं की."

"आपल्या घराचे किती गेले असतील मग."

या पोरीची जीभ बापावर गेली होती. केमिस्टबाईनं टरफलं एकत्र केली, कागदात गुंडाळली आणि पुन्हा बसली. शेवटचा भाग राहिला होता, वादविवादाचा निबंध. सगळ्यांत जास्त गुण त्यालाच होते.

"क्लेम, एव्हिडन्स, काउंटरक्लेम, रिबटल," मुंगीनं पाढ्यासारखं म्हटलं. "आपण काय म्हणतो ते, त्याचा पुरावा, समोरचा काय म्हणेल ते, आणि समोरच्याचं तोंड कसं बंद करायचं ते."

"विषय आहे, मोबाइल शाप की वरदान."

"वैताग. दुसरा घेऊ." ती खोडरबर टेबलावर उभा करायचा प्रयत्न करत होती. "मी बाबांकडे जावं की जाऊ नये."

खोडरबर पडला. केमिस्टबाईनं तो उचलून तिच्यासमोर ठेवला.

"हा परीक्षेत येणार नाही."

"सरावाला काय हरकत आहे? माहितीचा विषय आहे, पुरावे घरचेच आहेत."

"बरं. बाजू?"

"मी 'जाऊ नये' घेते," मुंगी म्हणाली. "तू 'जावं' घे."

इतके दिवस ज्या उत्तराची केमिस्टबाई वाट बघत होती ते तिला मिळालं. मुंगीनं 'जाऊ नये' घेतलं, म्हणजे तिला जायचं होतं. त्या घरात याचा दुसरा अर्थ होत नव्हता. मांजर हवं असणाऱ्यानं मांजराच्या विरुद्ध बोलायचं, हे या मुलीला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक होतं. सरळ सांगायला पोरीला जड जात असेल, म्हणून तिनं नियमाच्या आडून सांगितलं. पण मुलीनं प्रामाणिकपणे आपली बाजू उघड केली होती, आता आपणही प्रामाणिक राहायला हवं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ती 'जावं'च्या बाजूनं बोलायला लागली.

ती चांगलं बोलली. हातचं राखलं नाही. तिथल्या कॉलेजची प्रयोगशाळा चांगली आहे. इथे मुलगी शाळेतून येते तेव्हा दाराला कुलूप असतं, तिथे दार उघडायला आत्या असेल. बापाला मुलीचा सहवास मिळायला हवा आणि मुलीला बापाचा. एकाच माणसाच्या हाताखाली वाढलेलं मूल एकाच तऱ्हेनं विचार करायला शिकतं. "आणि ती इथे राहिली तर अभ्यासासाठी राहणार नाही, आईच्या सोबतीला म्हणून राहील," ती म्हणाली. "सोबत होणं हे या वयात कोणाचंही काम असू नये."

"काउंटरक्लेम?" मुंगीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"आई एकटी पडेल, असं कोणी म्हणेल. तर आई मोठी बाई आहे. तिला नोकरी आहे, चार माणसं आहेत, वाचायला पुस्तकं आहेत. एकटं असणं हा काही आजार नव्हे. आईला काही होणार नाही."

शेवटचं वाक्य तिनं आवाज न हलवता पार पाडलं. भरलेलं भांडं दोन्ही हातांनी धरून चालावं तसं. मग म्हणाली, "आता तू."

मुंगी कागदाकडे बघत नव्हती. "मी जाऊ नये," ती म्हणाली. "पुरावा पहिला. मी शाळेच्या सहलीहून परत आले तेव्हा सिंकमध्ये फक्त कप होते. ताट एकही नव्हतं. मी नसले की तू चहावर राहतेस. पुरावा दुसरा. बाबा गेल्यापासून तू बाथरूमचा दिवा चालू ठेवतेस आणि म्हणतेस, मुंगीला अंधाराची भीती वाटते. मला वाटत नाही. मी कधी बोलले नाही, एवढंच. तिसरा. आत्या चांगली आहे, पण सारखी विचारते, काय झालं, काय झालं. तू विचारत नाहीस. बाजूला येऊन बसतेस, आपलं काहीतरी वाचत. माझ्या बाजूला असं कोणी बसलेलं असल्याशिवाय माझा अभ्यास होत नाही." ती थांबली. डोळे भरून आले होते. "चौथा नाही. म्हणजे, मला जावंसं वाटत नाही. हा चौथा."

केमिस्टबाई ऐकत होती. तिला मांजराचा दिवस आठवला. तेव्हाही पोर अशीच रडली होती आणि तरी बाजू सोडली नव्हती. नको असलेली बाजू इतक्या मनापासून मांडते, हे आपणच हिला शिकवलं, असं वाटून तिला दुःखातही अभिमान वाटला. ती परीक्षकासारखी ताठ बसून राहिली.

"पहिला पुरावा चांगला," ती म्हणाली. "निरीक्षण आहे. पण एका सहलीवरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसरा आईबद्दल आहे, विषय मुलीबद्दल आहे. तिसरा बरा आहे. चौथा पुरावाच नव्हे, ती इच्छा झाली. परीक्षक म्हणेल, मुद्दा संपला म्हणून भावनेला हात घातला. आणि काउंटरक्लेमचं खंडन तू केलंच नाहीस."

"कुठल्या?"

"आईला काही होणार नाही, या."

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. "ते मी कसं खोडणार?" ती म्हणाली. "ते तर तूच सांगितलंस."

टेबलाची तिसरी खुर्ची रिकामी होती. पूर्वी तोलायला बाबा असत.

"मग जड कोणाचं?" मुंगीनं विचारलं.

"मुद्द्यांवर गेलं तर माझं."

"म्हणजे मी जावं."

"वादातून तसं निघतंय."

"बरं," मुंगी म्हणाली. तिनं पेन्सिलीला टोक केलं, गाईड ओढून घेतलं आणि उरलेली उजळणी आपली आपणच करू लागली. केमिस्टबाई बाथरूममध्ये गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. आयुष्यात कधी पाण्याचा थेंब वाया न घालवलेली बाई ती, पण त्या दिवशी बादली भरून वाहत राहिली.

सोमवारी प्रयोगशाळेत तिनं हे बुरशीबाईला सांगितलं. बुरशीबाई शेजारच्या टेबलावर पाण्यातले जीवाणू वाढवून बघायची, पण तिच्या बशांवर एकदा बुरशी चढली होती आणि तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. दोघींची मैत्री जुनी.

"जाऊ नको म्हणालीस का तिला?" बुरशीबाईनं विचारलं.

"तिला जायचंय."

"तिनं सांगितलं तसं?"

"तिनं 'जाऊ नये'ची बाजू घेतली."

बुरशीबाईनं हातातली बशी खाली ठेवली. "तुमच्या घरात जेवताना ताटंही पालथी ठेवता का गं? माझी पोर 'जाऊ नये' म्हणाली असती, तर मी आपली समजले असते, हिला जायचं नाही."

"तुला आमची पद्धत माहीत नाही."

"नाही बाई. आणि नकोच. आज घरी जाऊन तिला सरळ विचार. साधा प्रश्न, साधं उत्तर."

दिवसभर ते बोलणं केमिस्टबाईच्या मनात पायातल्या काट्यासारखं सलत राहिलं. रोजचं काम सुरू करताना ती आधी निव्वळ शुद्ध पाणी यंत्राला पाजून बघत असे. त्यात काही निघालं तर दोष यंत्रात आहे असं समजायचं आणि पुढचे सगळे आकडे बाद करायचे. तो नियम तिनं कधी मोडला नव्हता. शनिवारी मात्र वादी तीच होती आणि तोलणारीही तीच होती, हे तिला त्या दिवशी अर्धवट जाणवलं. विचारायचंच, असं ठरवून ती घरी आली.

दार उघडताच आतून मुंगीचा आवाज आला. ती बाबांशी फोनवर बोलत होती. "हो, येते. परीक्षा संपली की लगेच. हो, आईचंही तेच म्हणणं आहे." आवाज अगदी मोकळा होता. फोन ठेवून ती वळली आणि म्हणाली, "सांगून टाकलं."

"मुंगी, तुला नक्की…"

"जड बाजू ठरली ना?" मुंगी म्हणाली, आणि कपाटावरची मोठी बॅग काढायला खुर्ची ओढू लागली. जायची किती घाई झाली आहे पोरीला, असं केमिस्टबाईला वाटलं. तिनं खुर्ची धरून ठेवली, पडू नये म्हणून.

परीक्षा संपली. जायच्या दिवशी बसस्थानकावर फार गर्दी नव्हती. बॅग आत चढवून झाली, खिडकीजवळची जागा मिळाली, तरी मुंगी पायरीवर थांबून होती.

"काही राहिलं का?" तिनं विचारलं.

केमिस्टबाईनं मनातल्या मनात सगळं तपासलं. "चार्जर घेतलास?"

"घेतला."

"मग नाही काही."

मुंगी आणखी थोडी थांबली. मागच्या माणसानं "ताई, चढता का?" म्हटलं, तेव्हा चढली.

पहिल्या लांब सुटीत ती आली ती केस कापून. "आमच्याकडे असं करतात," "आमच्याकडे तसं नसतं," असं सारखं तोंडात येई. आमच्याकडे म्हणजे तिकडे. केमिस्टबाईनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. सुटीनंतर तिची चाचणी होती, म्हणून दुपारी पुन्हा ते दोघींचं टेबल, पुन्हा इंग्रजी. या वेळी शब्द कठीण होते आणि गाईड जाड होतं.

"इंग्रजीच्या बाई आमच्याकडे वादविवाद घेतात," मुंगी म्हणाली. "मला म्हणाल्या, तू न पटणारी बाजू फार छान मांडतेस, कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी." ती पानांचे कोपरे दुमडत होती. "एकदा घरी मी लबाडी केली होती, ते नाही सांगितलं."

"कधी?"

"इथेच. परीक्षेच्या आधी. 'जाऊ नये' ही माझीच बाजू होती."

केमिस्टबाईचं बोट गाईडातल्या ओळीवर होतं. ते तिथेच राहिलं.

"मला सरळ म्हणता येत नव्हतं," मुंगी सांगत होती. जुनी, शिळी झालेली गोष्ट सांगावी तसं. "बाबांचा फोन आल्यापासून तू एक अक्षर बोलली नव्हतीस. म्हटलं, नियमात बसवून सांगावं. ऐकताना तुला कळेल. नाहीच कळलं, तर निदान तू मुद्दाम हरशील."

"हातचं राखायचं नाही, असं आपलं…"

"माहितीये."

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं की, आई. सगळं सांगितलं. तू मार्क दिलेस."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तो टूं टूं आवाज थांबला तेव्हा केमिस्टबाईनं गाईड मिटलं.

"मला वाटलं, तुला जायचंय," केमिस्टबाई म्हणाली.

"आणि मला वाटलं, मी गेलेलं तुला चालणार आहे. इतकं छान बोललीस तू. तिकडे गेल्यावर कितीतरी दिवस मला ते पाठ होतं."

"मग आता राहा. मी बाबांशी बोलते. इथल्या कॉलेजात…"

मुंगीनं मान हलवली. घाईनं नाही, चिडूनही नाही. "आता माझं सगळं तिकडे आहे. मैत्रिणी, बाई. आधी फार रडले मी. मग आत्या माझ्या बाजूला येऊन बसायला लागली. बडबड करते, पण बसते." ती थोडी हसली. "मला आता तिथे बरं वाटतं. हे मी माझ्याच बाजूनं सांगतेय हं. उलटं करून ऐकू नकोस."

"नाही ऐकत."

"मग झालं."

"मुंगी, मलाही एकदा माझ्या बाजूनं बोलायचंय."

"बोल ना."

केमिस्टबाईनं तोंड उघडलं. मोठमोठ्या साहेबांसमोर पाण्याच्या दोषांवर तासभर बोलणारी बाई ती. पण आपल्या बाजूनं बोलायची तिला सवयच नव्हती. शब्द आले ते कसेही आले. "कुकर मी अजून दोघींचाच लावते," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तेच खाते. आणि बाथरूमचा दिवा…"

"बघितला मी."

"हे काही पुरावे नव्हेत."

"नाहीत," मुंगी म्हणाली. तिनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आईच्या बाजूला आणून ठेवली आणि गाईड उघडून वाचत बसली. काही विचारलं नाही. केमिस्टबाई समोरच्या भिंतीकडे बघत तशीच बसून राहिली, आणि गालावरून ओघळलेलं तिनं पुसलंही नाही.

सुटी संपली. बसस्थानकावर बॅग चढवून झाल्यावर मुंगी पुन्हा पायरीवर उभी राहिली. कदाचित सवयीनं असेल.

"काही राहिलं का?"

"हो," केमिस्टबाई म्हणाली. "जाऊ नकोस."

मुंगीनं खाली उतरून आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं, क्षणभर, आणि पुन्हा वर चढली. खिडकीत बसल्यावर काच सरकवून म्हणाली, "पोचल्यावर फोन करते." बस निघाली. वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

केमिस्टबाई तिथूनच कामावर गेली. पांढरा कोट चढवला, हात धुतले, शुद्ध पाण्याची बाटली पुढे ओढली.

"गेली?" बुरशीबाईनं विचारलं.

"गेली."

"या वेळी तरी म्हणालीस का, जाऊ नको म्हणून?"

"म्हणाले."

"मग?"

केमिस्टबाईनं बाटलीचं झाकण फिरवलं. ते घट्ट बसलं होतं. "उशीर झाला," ती म्हणाली. झाकण निघालं, ते तिनं टेबलावर पालथं ठेवलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मी केला."